कालनिर्णयच्या मागचा फॉर्म

बोरिवली,
7 डिसेंबर 2025

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आईच्या लोहगड ट्रेकचा विषय काढला की बाबा "धर, आईशी बोल" म्हणतात, आणि आई "जाऊ दे गं, भाजी लागेल" म्हणून फोन ठेवते. म्हणून पत्र. बाबांना अर्धवट वाचलेला कागद घरात चालत नाही, त्यामुळे हे शेवटपर्यंत वाचलं जाईल याची मला खात्री आहे.

भाऊबीजेला आले होते तेव्हा तिथी बघायला स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, तर मागून घडी घातलेला एक फॉर्म पडला. लोहगड, एक दिवस, वय साठच्या पुढे. आईच्या अक्षरात नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, सगळं भरलेलं. फक्त सही नव्हती. विचारलं तर आई म्हणाली, तळजाई टेकडीवर सकाळी येणाऱ्या चौघीजणी चालल्यात, मीही घेतला होता फॉर्म, पण ह्यांना नाही आवडत. आणि बाबा, तुम्ही पेपराआडून म्हणालात, "म्हाताऱ्यांची वरात. गाडीनं पायथ्याला जायचं, पायऱ्या चढायच्या आणि त्याला ट्रेक म्हणायचं."

मी गप्प बसले, कारण मीही त्याच माळेतली. ऑगस्टमध्ये आईनं मला फोनवर हेच विचारलं होतं, आणि मी लॅपटॉपवरची नजर न काढता "या गुडघ्यांनी? कशाला ती हौस?" म्हणून मोकळी झाले होते. आईनं त्यानंतर मला पुन्हा विचारलं नाही. फॉर्म मात्र भरून ठेवला.

मग गेल्या महिन्यात एक गंमत झाली. आमच्या मजल्यावरच्या काकू, वय 76, दर महिन्याला अशाच एका गटाबरोबर चालायला जातात. त्यांच्या नेहमीच्या सोबतिणीला ताप आला आणि त्यांनी मला गळ घातली. ठिकाण इथलंच, नॅशनल पार्क ते कान्हेरी. रजा टाकून गेले. मनात म्हटलं, आपल्याला काय, रमतगमत जायचंय.

एकूण तेवीस जण आणि मी. मी सगळ्यांत लहान, तेही वीस वर्षांनी. म्होरक्या म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं "बाई" म्हणतात. निघण्याआधी बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दाखवायला लावली: कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरचा फोन कुठला. ती डाव्या खिशात ठेवायची, सगळ्यांनी डाव्याच, म्हणजे वेळ आली तर शोधाशोध नको. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, चार-पाच जणींचा उपवास. बाईंनी सुनावलं, "उपवास करा, पण रिकाम्या पोटी चाललेलं मला चालणार नाही. राजगिऱ्याचा लाडू खा, केळं खा, माझ्यासमोर खा." ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या खिशात साखरेच्या पुड्या होत्याच. अत्तर, सेंट लावून आलेल्या एका काकांना तिथल्या तिथे मान-मनगटं धुवायला लावली. लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि माश्या वासानं चवताळतात. हे बाबांना माहीत असणार. मला नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात आम्ही ट्रेकला जायचो तेव्हा पुढचे धावत जायचे, झाडाखाली बसून राहायचे, आणि मागचे धापा टाकत पोचले की "चला!" म्हणून उठायचे. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती कधीच नाही. मीच ती मागची, म्हणून चांगलं लक्षात आहे. या गटात सगळ्यांत हळू चालणारा माणूस बाईंच्या पाठोपाठ, दुसऱ्या नंबरला. बाकीच्यांनी त्याच्या चालीनं चालायचं. शेवटचा माणूस जागेवर टेकला की मग दहा मिनिटं मोजायला सुरुवात. आणि चालताना बोलता आलं पाहिजे. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर चाल जास्त झाली, हेच मोजमाप. (त्यामुळे सबंध रस्ता बडबड. बिबट्या जवळपास असलाच तर कंटाळून निघून गेला असेल.)

गेटपासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे. चढ बेताचा, दोन्हीकडे झाडी. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आहे आणि मी इथे बारा वर्षं राहून त्यात तीनदा गेले आहे. लेण्यांपाशी पोचल्यावर माकडांनी एका काकांचा डबा पळवला, ते सोडा. वर चढताना पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक विहाराच्या ओसरीत दगडात कोरलेला बाक. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे, त्यामुळे बसायला जागा कुठेही मिळते. एक 79 वर्षांचे आजोबा दर बाकावर टेकायचे आणि म्हणायचे, "बघा, भिक्षूंनाही गुडघे होते." पाण्याच्या पोढ्या दाखवल्या त्यांनी. डोंगरभर कोरलेल्या टाक्या आणि त्यांत पावसाचं पाणी आणणारे छोटे पाट. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, हे बोटानं दाखवत वीस मिनिटं बोलले. बाबा, मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही असतात तर दोघांचं भांडण झालं असतं आणि दोघांनाही मजा आली असती.

आमच्या काकू चैत्यगृहापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, मी इथेच थांबते, आज पाय नाही म्हणतोय. मला वाटलं, आता समजुती निघणार, थोडंच राहिलंय म्हणून ओढाओढी होणार. कुणी काही बोललं नाही. एक जण सोबतीला थांबला, बाईंनी वहीत वेळ लिहिली, बाकीचे पुढे. परत आलो तेव्हा काकू खांबाला टेकून शेंगा सोलत होत्या आणि सोबतीच्या काकांना सुनेची तक्रार सांगत होत्या.

उतरताना जो घसरला तो माणूस मी. नवे बूट, गुळगुळीत झालेल्या पायऱ्या आणि एका हातात मोबाईल. तळहात सोलवटला. तीन दिशांनी तीन मलमं आली.

आई, उताराचं मुद्दाम सांगते. चढ छातीला लागतो, उतार गुडघ्याला. तुझे गुडघे जिन्यावरून उतरतानाच दुखतात ना, तेच हे. तिथे बहुतेकांकडे दोन-दोन काठ्या होत्या. उतारावर काठी थोडी लांब करतात, आधी काठी टेकवतात, मग पाऊल, म्हणजे भार हातांवर वाटला जातो. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला. आणि हा गट रायगडाला गेला होता तेव्हा पायऱ्यांनी वर गेले आणि रोपवेनं खाली आले. मला हे भारीच आवडलं. आपण बहुतेक उलट करतो.

आता बाबा.

तुम्ही 1973 साली राजगड-तोरणा एका दिवसात केलात. संजीवनी माचीवरून उतरून बुधल्याकडे चढलात, हंटर बूट, खाकी हॅवरसॅक आणि चौघांत एक पाण्याची कॅन. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या कॅनला कुठे पोचा होता हेही सांगेन. सिंहगड आतकरवाडीतून पन्नास मिनिटांत चढायचात, माझा हात धरून. देवटाक्याचं पाणी प्यायल्याशिवाय मला ताक मिळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही एकटेच सिंहगडावर गेला होतात आणि दहाच्या आत घरी परतलात. आईनं विचारलं तर म्हणालात, गर्दी फार होती. बाबा, त्या दिवशी बुधवार होता.

आईला तेव्हाच कळलं होतं. मला तिनं वर्षभरानं सांगितलं, तेही मी खूप खोदून विचारलं तेव्हा. त्यानंतर तुम्ही गडावर गेला नाहीत, आणि तुम्ही जात नाही म्हणून आईही गेली नाही. मी हे कुरापत काढायला लिहीत नाही. तुमच्या अर्ध्या वाटेवरून परत येण्याला कुणीही नाव ठेवलं नसतं, एवढंच मला कान्हेरीला काकूंच्या शेंगा बघताना वाटलं. तिथे तुम्ही एकटे होतात, सोबत थांबायला कुणी नव्हतं, म्हणून गर्दीचं निमित्त लागलं.

बाईंच्या वहीत मागच्या पानावर एक हिशेब होता, तो तुमच्यासाठी उतरवून घेतला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर 2000 फूट चढाला वर एक तास. बाई जे उत्तर येईल त्यात निम्मं आणखी मिळवतात, बसायचा वेळ वेगळा. सिंहगडाचा चढ साधारण 2000 फूट. तुमच्या दुपारच्या वेळात करून बघा. मला वाटतं त्या बुधवारी तुम्ही अजिबात हळू नव्हतात, जुन्या घड्याळानं मोजत होतात.

लोहगडाचं म्हणाल तर गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, हे खरं. मळवलीला लोकलमधून उतरून भाजे लेण्यांत डबा खाऊन गायमुख खिंडीत चढायचं, ते यात नाही. पण गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, हे चारही दरवाजे आणि मधली नागमोडी वाट ती तीच आहे. यंदा जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा केलं त्यात लोहगडही आहे, तेव्हा रविवारी तिथे काय होत असेल ते विचारू नका. ही मंडळी मंगळवारी जाणार आहेत. पेन्शनीत निघाल्याचा एवढा तरी फायदा.

मी आईच्या फॉर्मवरच्या नंबरावर फोन केला होता, रागावू नका. त्यांना शेवटी चालणारा एक माणूस हवाय. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणालाही आपल्या मागे पडू द्यायचं नाही, कुणी थांबलं तर थांबायचं. वाट माहीत असलेला आणि घाई नसलेला माणूस. तुमचं नाव मी दिलेलं नाही. फक्त विचारून ठेवलंय, जागा आहे का. आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी आई जाणार आहे, हे मात्र आमचं ठरलं आहे.

आई, तुझ्यासाठी वेगळं काम. मुंबईचा गट जानेवारीत हरिहरेश्वरला जाणार आहे, एक दिवस, देवळामागच्या खडकांतली प्रदक्षिणा. बाई म्हणाल्या, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून तारीख ठरवू. मी म्हटलं, माझी आई श्रीवर्धनची आहे, ती बोटांवर सांगते. आजोबा सांगायचे तसं: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पाणी उतरलेलं. बरोबर ना? माझं चुकत असेल तर सांग, कारण पुनव-अवसेच्या उधाणात त्या खडकांत उतरणं म्हणजे काय, हे तूच मला लहानपणी हात घट्ट धरून दाखवलं होतंस. वसंत पंचमी 23 जानेवारीला आहे. मी बाईंना तीच तारीख सुचवली आहे, अर्थात तिथेही उतरण्याआधी गावातल्या माणसांना विचारायचंच. बाईंना तुझा नंबर दिलाय. त्या फोन करतील, भाजी लागू दे त्या दिवशी.

फॉर्म मी भाऊबीजेलाच कालनिर्णयच्या मागून काढून फ्रिजवर लावला होता, लिंबाच्या चुंबकाखाली. अजून तिथेच असेल. शेवटची तारीख 15. डॉक्टरांकडून रक्तदाबाची नोंद आणि "चालायला हरकत नाही" असं लिहून आणायचंय, दोघांचंही आणलंत तर एकाच खेपेत काम होईल.

बुटांचं माप कळवा. आईचं पाच, ते मला माहीत आहे. बाबा, तुमचं अजून सातच ना? पुढे अंगठ्याला बोटभर जागा राहील असे घेते, उतरताना नखं दुखत नाहीत.

तुमची,
मनू