छोट्यांची विज्ञान-सकाळ : शनिवार, २८ फेब्रुवारी

नमस्कार पालकहो,

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त कोथरूडच्या आपल्या सोसायटीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी क्लबहाऊसमध्ये सकाळी १० ते ११.३० प्रयोग आहेत.

हळद लावलेल्या कागदावर मुलं साबणाच्या पाण्याने चित्रं काढतील. पिवळ्याचं लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं; सालीत हवा असते म्हणून. घरी आधीच सांगून टाकू नका, त्यांना अंदाज बांधू द्या. मग कोरड्या मातीतून मोठं लोहचुंबक फिरवू. आपल्याकडची माती बेसॉल्टची, म्हणजे लोह असलेल्या काळ्या खडकाची, त्यामुळे काळे कण चिकटतात.

आणायचं : एक संत्रं, नॅपकिन. कपडे जुनेच घाला, हळदीचे डाग सहजी जात नाहीत.

– प्रत्येक मुलासोबत एक मोठं माणूस हवंच. सोडून जाता येणार नाही.
– बटण सेल, छोटी चुंबकं, फुगे आणू नयेत. मुलं तोंडात घालतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.
– प्रयोग मुलांनीच करायचे. उत्साही बाबांनी (आणि आजोबांनी!) हात मागे ठेवावेत.

नावं गुरुवारी रात्री ९ पर्यंत ग्रुपवर टाका. जागा २० मुलांपुरतीच आहे.