पुराच्या बोटींची इंजिने हाताने उपटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला, पंचगंगा पात्रात परतली आणि नदीकाठच्या गावांतल्या बोटी आता गोदामात चालल्या आहेत. बोट आत घेण्याआधी तिच्या मागचे इंजिन उतरवावे लागते. हे काम आपल्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी ज्या पद्धतीने चालते ते बघवत नाही, म्हणून हे पत्र. उद्यमनगरात माझे इंजिन दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. दरवर्षी मे-जून आला की ‘दोरी ओढून ओढून खांदा भरला, पण चालू होईना’ म्हणत लोक बोटीची इंजिने घेऊन येतात. खोलून बघितले तर त्यातली बरीच पुरात नव्हे, उतरवताना आणि नेताना बिघडलेली असतात.

गेल्या महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. घाटाखालच्या चिखलात चार पोरे बोटीचे इंजिन काढत होती. क्लॅम्पचे स्क्रू गंजून बसलेले, ते हातोडीने ठोकून सैल केले. पेट्रोलची नळी टाकीला तशीच जोडलेली. एकाने वरच्या कव्हरचे हँडल धरले, दुसऱ्याने खालून पंखा. इंजिन मागच्या फळीवरून सुटताच बोट हलकी होऊन पुढे सरकली, पोरांचे पाय चिखलात घसरले आणि एकाची दोन बोटे ब्रॅकेट आणि फळी यांच्यामध्ये चेपली. त्याला दवाखान्यात धाडले आणि इंजिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवे टाकले, तेही डोके खाली आणि पंखा वर. पोरांना मी दोष देत नाही. पुरात हीच पोरे रात्री-अपरात्री बोट घेऊन जातात. त्यांना कुणी दाखवलेच नाही आणि हाताशी साधनही दिले नाही.

४० हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन ७०-८० किलो भरते, फोर-स्ट्रोक १०० किलोच्या घरात जाते. बहुतेक वजन डोक्याकडे असते, त्यामुळे खालून धरले की ते उलटायला बघते. वरचे कव्हर नुसते प्लॅस्टिकचे. त्याचे हँडल कव्हर काढण्यासाठी आहे, इंजिन उचलण्यासाठी नाही. उचलायची कडी कव्हरच्या आत, पॉवरहेडवर म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर असते. काही इंजिनांना फ्लायव्हीलवर, म्हणजे वरच्या जड चाकावर, आट्यांनी बसवायची वेगळी कडी लागते. कंपनीच्या पुस्तकात हे चित्रासकट दिलेले असते, पण ते पुस्तक कुठल्याशा कपाटात कुलपाआड पडलेले.

आता आडवे टाकण्याबद्दल. इंजिन पाण्यातून काढले तरी त्याच्या पायात थंड करायचे पाणी उरलेले असते, आणि पुराचे पाणी म्हणजे निम्मा गाळच. इंजिन उभे ठेवले की ते आपोआप निथळून जाते. निथळण्याआधीच डोके खाली करून टाकले तर तेच पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते. तिथे ते सात-आठ महिने बसते, पिस्टनच्या रिंगा धरतात, गंज चढतो. फोर-स्ट्रोकमध्ये वर ऑइलचा घोळ: चुकीच्या कुशीवर झोपवले की ऑइल सिलिंडरमध्ये जाते. कुठल्या कुशीवर ठेवायचे याची खूण बहुतेक इंजिनांवर असते, ती बघावी.

बोट आधी काठावर, कोरड्या आणि कडक जमिनीवर घ्यावी. ट्रेलरवर असेल तर चाकांना दगड लावावेत. पंख्यात अडकलेले केंदाळ आणि उसाचे पाचट काढून, पिंपात स्वच्छ पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे गाळ धुऊन निघतो. इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू दिले की कार्बोरेटरही रिकामा होतो. मग बॅटरी असेल तर तिची निगेटिव्ह वायर पहिली सोडावी, त्यानंतर गिअर आणि स्टिअरिंगच्या केबली. एखादी केबल राहिली तर इंजिन हवेत असताना तिच्याकडे ओढ खाते, म्हणून उचलण्याआधी एकाने हात फिरवून बघावे. तीन पायांच्या उंच तिपाईला चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी), तिपाईच्या पायांखाली फळ्या, आणि पाय फाकू नयेत म्हणून खालून साखळी. हूक बरोबर कडीच्या वर आणून आधी साखळीतला ढील काढावा आणि मगच बोल्ट व क्लॅम्प सोडावेत. बोटभर उचलून थांबावे, सगळीकडून बघावे. आणि इंजिन झुलवत बाजूला नेण्याऐवजी बोटच खालून पुढे काढून घ्यावी, तिथे स्टँड सरकवावा. हात किंवा पाय इंजिनाखाली जाण्याची वेळच येत नाही.

२०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३ फुटांची. २०२१ ला पुन्हा तेच. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा रात्री माडीवर अडकलेल्या म्हातारीला आणायला निघालेल्या बोटीचे इंजिन दोरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला चालू व्हायलाच हवे.

माझी मागणी मोठी नाही. चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत जिथे जिथे बोट ठेवली आहे, त्या प्रत्येक गावाला एक तिपाई, एक टनाचा चेन ब्लॉक आणि चाकांचा लोखंडी स्टँड द्यावा. इंजिन काही लाखांचे, हे सामान काही हजारांत होते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात बोट चालवण्याबरोबर इंजिन काढणे-बसवणेही शिकवावे. इंजिन कधी धुतले, गिअर ऑइल कधी बदलले, कुणी उतरवले हे लिहिलेले कार्ड इंजिनालाच बांधावे. जुने गिअर ऑइल दुधासारखे पांढरट निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे, तेही त्यावर नोंदवावे, म्हणजे दुरुस्ती उन्हाळ्यापर्यंत लांबत नाही.

प्रशासनाने माल दिला तर स्टँड करून द्यायला मी तयार आहे, मजुरी घेणार नाही. बोटींची गोदामे कुलूपबंद होण्याआधी यावर निर्णय व्हावा, एवढीच विनंती.

– एक फिटर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर