व्याकरण पूर्णविरामापाशी का थांबतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या देवगड तालुक्यातली दहावीची मुलं 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' घडाघडा सोडवतात. व्हॉइस बदलतात, 'नो सूनर... दॅन' लावतात. त्यांनाच आपल्या गावावर इंग्रजीत पाच ओळी लिहायला सांगा. प्रत्येक ओळ शुद्ध, पण एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही!

मुलांना बोल लावून उपयोग नाही. व्याकरण आपणच वाक्यापुरतं शिकवतो. पॅसिव्ह व्हॉइस घ्या. कर्ता-कर्माची अदलाबदल, क्रियापदाचं तिसरं रूप, मागे 'बाय', एवढं फळ्यावर येतं. तो वापरायचा कधी, हे राहूनच जातं. 'सिंधुदुर्ग स्टँड्स ऑन अ‍ॅन आयलंड निअर मालवण.' इथे विषय किल्ल्याचा आहे. म्हणून पुढे 'इट वॉज बिल्ट बाय शिवाजी महाराज' येतं, मग 'वर्क बिगॅन इन १६६४'. 'शिवाजी महाराज बिल्ट इट' हेही शुद्धच. पण ते वाचून वाटतं, आता महाराजांविषयी काही येणार. मराठीत 'किल्ला महाराजांनी बांधला' असं म्हणून आपण किल्ला सहज पुढे आणतो, कारण बांधणारा कोण ते 'नी' सांगतोच. इंग्रजीत शब्दाची जागा हलली की अर्थच फिरतो, म्हणून हा पॅसिव्हचा खटाटोप.

'अ' आणि 'द'चंही तसंच. किल्ला पहिल्यांदा आला की 'अ फोर्ट', ओळख झाली की 'द फोर्ट'. सुट्या वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरून हे कसं कळावं? हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजीतले वाक्यावाक्यांमधले असे सांधे १९७६ सालीच उलगडून दाखवले. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. वर्षं वाढवली, पद्धत तीच.

बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांचं १८३२चं 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. आपल्या विद्यार्थी पानावर आठवड्यातून एकदा तसा प्रयोग करावा, ही विनंती. हापूसच्या बाजारभावाची किंवा पावसाळी मासेमारी बंदीची चार-पाच वाक्यांची बातमी दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापा. खाली दोन ओळींत सांगा, दुसरं वाक्य दुसऱ्या क्रमांकावरच का आणि एखादं पॅसिव्ह का. शब्दार्थ दिले नाहीत तरी चालेल, ते मुलं मोबाइलवर बघतात.

– एक निवृत्त शिक्षिका, देवगड