बाबा, इयातली ती खोली नको

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेली ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या इया गावची खोली बघितली. पांढऱ्या भिंती, निळा घुमट, अंगणात न्हाणीघराएवढा तलाव. फोटो खोटा नाही, खोली तशीच असणार. फक्त गाडी जिथे थांबते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे कुठल्याच फोटोत येत नाही. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने तोच आकडा पहिला, देखावा आणि भाडं त्याच्या नंतर. म्हणून हे लांबलचक पत्र.

सँटोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाची उरलेली कड. पश्चिमेकडे समुद्रातून उभा वर आलेला सुमारे 300 मीटरचा कडा आहे आणि त्याच्या माथ्यावर फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि उत्तर टोकाला इया ही गावं. मोटाररस्ता माथ्याच्या मागच्या अंगाने जातो. कड्याकडची हॉटेलं रस्त्यापासून खाली, कड्याच्या अंगावर एकाखाली एक उतरत गेलेली असतात. जितकं खाली जाल तितका देखावा मोकळा आणि पायऱ्या जास्त. पन्नास-साठ पायऱ्या तिथे कोणी पायऱ्यांत धरतच नाही. बॅगा हमाल नेतो, पण नाश्त्याला, फिरायला, औषध आणायला दर वेळी आपल्यालाच चढायचं. फिऱ्याच्या जुन्या बंदरावरून गावात यायला 588 पायऱ्या आहेत. म्हणजे पर्वती जवळजवळ सहा वेळा. (तिथे रोपवे आहे आणि तुमची बोट त्या बंदराला लागतही नाही, तेव्हा घाबरू नका.) पर्वतीच्या पायऱ्या निदान रुंद आणि बसक्या आहेत. इथल्या एक वीतभर, तर पुढची दीड वीत, चालून चालून गुळगुळीत झालेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. उतरताना गुडघा जास्त बोलतो, हे आईला सांगायला नको.

त्या गुहेसारख्या खोल्यांबद्दलही सांगते. मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेल्या असल्यामुळे त्या दुपारी छान गार राहतात. पण खिडकी बहुधा पुढच्या भिंतीतच, त्यामुळे आतल्या बाजूला दमट वास येतो आणि टॉवेल वाळत नाहीत. पलंग पुष्कळदा दगडी ओट्यावर गादी टाकून केलेला असतो, तो एक तर फार बुटका नाही तर फार उंच. ‘चार जणांसाठी’ लिहिलेल्या खोलीत दोघांची सोय माळ्यावर असते आणि माळ्याला शिडी. खाजगी म्हणवणारा तलाव वरच्या वाटेवरून सगळ्यांना दिसतो. त्या वाटेवर संध्याकाळी सूर्यास्ताची गर्दी उभी असते. या एवढ्यासाठी साध्या खोलीच्या कैक पट भाडं!

माझं मत असं. मुक्काम नॅक्सोसला करा, पाच रात्री. सँटोरिनीला दोन रात्री, त्याही रस्त्याच्या बाजूला.

सँटोरिनी ज्यात येतं त्या सिक्लाडीस बेटांच्या समूहातलं नॅक्सोस हे सगळ्यात मोठं. त्यावर शेती आहे, बटाटा आहे, चीज आहे. माणसं बारा महिने राहतात, त्यामुळे वाणी, औषधाचं दुकान, बेकरी ही सगळी खरीखुरी चालतात. मुख्य गावाला होराच म्हणतात आणि बोट तिथेच लागते. छोटा सरकारी दवाखाना गावातच आहे, हे तुमच्या वयात देखाव्याइतकंच पाहायला हवं. पण ‘होरा’ एवढंच वाचून खोली घेऊ नका, कारण गावाचे तीन तुकडे अगदी वेगळे आहेत.

वर टेकडीवर कास्त्रो, तेराव्या शतकातल्या व्हेनिसच्या सरदारांचा किल्ला, आणि त्याच्या उतारावर बूर्गोस. कमानीखालून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, फार देखण्या. पण गाडी आत जात नाही, फरशा खडबडीत, दर दहा पावलांवर दोन-तीन पायऱ्या, आणि रात्री घरचा रस्ता सापडत नाही. तिथे संध्याकाळी फिरायला जा, राहायला नको. उत्तरेला ग्रोता. तिथून अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, पोर्तारा, समोर दिसतो. खोल्या स्वस्त मिळतात, पण चढ आहे, आणि वाऱ्याचा पहिला तडाखा तिथेच. इथला उत्तरेचा वारा, मेल्तेमी, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस वाहतो. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येताय, तोवर बराच ओसरतो, तरी एखादा दिवस सापडतोच.

तिसरा तुकडा दक्षिणेचा, आयिओस येओर्यिओस. आपल्याला हाच हवा. बंदरापासून साधारण एक किलोमीटर, सगळं सपाट, गाडी दारापर्यंत जाते. वाळूचा किनारा, आणि पाणी लांबवर कमरेएवढंच, त्यामुळे आईलाही पाय टेकून उभं राहता येईल. किनाऱ्यावरच्या पहिल्या रांगेपेक्षा मागची दुसरी किंवा तिसरी गल्ली घ्या. भाडं कमी, रात्री खुर्च्या ओढल्याचा आवाज नाही, आणि समुद्र दोन मिनिटांवर. दक्षिण टोकाला वाऱ्यावरच्या फळ्यांचे खेळ (विंडसर्फिंग) चालतात, म्हणजे तिथे वारा हमखास; ते टोक सोडा.

आयिओस प्रोकोपिओस आणि आया आन्ना हे पुढचे किनारे जास्त सुंदर आहेत, हे खरं. पण पाच-सात किलोमीटर लांब. मोसम संपत आला की बसच्या फेऱ्या कमी होतात, आणि रात्रीच्या जेवणानंतर परतायचं तर टॅक्सीच्या मागे लागावं लागतं. सकाळी बसने जाऊन दुपारी परत या. त्याही पुढे प्लाका. तिथे बराचसा रस्ता कच्चा आहे, चालताना धूळ खावी लागते.

आता खोली कशी पारखायची. ‘दोमातिया’ म्हणजे घरमालकाच्या भाड्याच्या खोल्या, आणि ‘स्टुडिओ’ म्हणजे खोलीतच छोटा ओटा. तुम्हाला स्टुडिओ बरा. दोन हॉटप्लेट, छोटा फ्रिज, दोन पातेली असतात. कॉफीचं लांब दांड्याचं पितळी भांडं असतं, ब्रिकी, त्यात दोन कप चहा फक्कड होतो. हॉटप्लेट तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, दूध उतू जातं ते तिथेच. कुकर आणू नका, बाबा. बॅगेचं वजन आणि मालकिणीचा चेहरा, दोन्ही विचारात घ्या.

नळाचं पाणी बेटांवर पिण्यासारखं धरू नका. लोक दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा आणतात. तो नऊ किलोचा होतो. म्हणून दुकान किती लांब आणि वाटेत चढ आहे का, हे नकाशावर आधी बघायचं.

न्हाणीघराबद्दल तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी झाकणाची बादली असते तिच्यात टाकायचा. जुन्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असतात आणि तुंबतात. जेट स्प्रे जवळजवळ कुठेच नाही. प्लास्टिकचा एक मग बॅगेत टाका. शॉवरची जागा एवढीशी, कधीकधी पडदा अंगाला चिकटतो. आत जायला उंच कड असेल तर आईला अडचण. गरम पाणी गच्चीवरच्या सौर टाकीतून येतं, संध्याकाळी भरपूर, पहाटे कोमट. अशा वेळी विजेच्या बोर्डावर हीटरचं वेगळं बटण असतं, ते वीस-पंचवीस मिनिटं आधी लावायचं आणि आंघोळीआधी बंद करायचं. बटण कुठलं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि डासांची वडी न्या. प्लग गोल दोन पिनांचे असतात, आपला तीन पिनांचा बसणार नाही.

बुकिंगच्या साइटवर ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं असलं तर तो कुठला समुद्र ते बघा. सँटोरिनीत कड्यावरून खाली दिसतो त्याला ‘काल्डेरा व्ह्यू’ म्हणतात; काल्डेरा म्हणजे ज्वालामुखीचं पाण्यात बुडालेलं तोंड. नुसता ‘सी व्ह्यू’ बहुधा पूर्वेचा, म्हणजे सूर्योदयाचा. ‘पार्शल’ शब्द असला की बाल्कनीतून मान बाहेर काढावी लागणार, असं समजा. गुणांच्या आकड्यावर जाऊ नका. अभिप्रायांत ‘स्टेप्स’, ‘स्टेअर्स’, ‘लगेज’, ‘नॉइज’ हे शब्द शोधा. पंचविशीतल्या कोणी ‘थोड्याशा पायऱ्या’ लिहिलं असेल तर ते तिपटीने वाचा. अल्प मुदतीच्या घराच्या जाहिरातीत एएमए नावाचा सरकारी नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर पुढे बघू नका.

मालकांना मी लेखी एवढंच विचारणार आहे: गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत नेमक्या किती पायऱ्या? खोली तळमजल्यावर आहे का, नसेल तर लिफ्ट आहे का? पलंग जमिनीवर की ओट्यावर? बंदरावर घ्यायला कोणी येईल का? ‘फार नाहीत, काळजी नको’ असं उत्तर आलं तर ती खोली रद्द. आकडा सांगणारा मालक धरायचा. नॅक्सोसला बरेच जण बंदरावर न्यायला येतात, फक्त बोटीचं नाव आणि वेळ आधी कळवावी लागते.

सँटोरिनीच्या दोन रात्रींसाठी फिरा किंवा फिरोस्तेफानी, पण मोटाररस्त्याच्या पूर्वेची बाजू. बेटावरच्या सगळ्या बस फिऱ्यातून सुटतात; दुसरीकडे राहिलात तर प्रत्येक वेळी तिथे येऊन बस बदलायची. कामारीचा काळ्या वाळू-खड्यांचा किनारा सपाट आहे आणि आईला आवडेल, पण दोन रात्रींत येण्याजाण्यातच वेळ जाईल. सूर्यास्त सव्वासातच्या आसपास. त्यासाठी इयाच्या रेटारेटीत शिरू नका. फिऱ्याहून फिरोस्तेफानीकडे कड्याच्या काठाने फरसबंद वाट जाते, हळूहळू चढणारी, दहा-पंधरा मिनिटांची. तिथेच बसा, तोच सूर्य दिसतो. इयाचे घुमट बाबांना बघायचे असतील तर सकाळी लवकर बसने जाऊन या, क्रूझचे प्रवासी वर यायच्या आत. जहाजांच्या प्रवाशांवर 2025पासून दिवसाला 8,000ची मर्यादा आहे. मर्यादाच एवढी, यावरून गर्दीचा अंदाज करा.

फेब्रुवारी 2025मध्ये तिथे भूकंपांची मालिकाच झाली, त्यातला सगळ्यात मोठा धक्का 5.3चा. हजारो लोक काही आठवडे बेट सोडून गेले होते. तेव्हा कड्याच्या अगदी अंगावरची खोली नको म्हणण्यामागे माझ्या मनात हेही आहे.

प्रवास असा लावते. अथेन्सला पोचाल त्या रात्री मुक्काम तिथल्या बंदराच्या भागात, पिरेयसला, मेट्रो स्टेशनजवळ, कारण नॅक्सोसची मोठी बोट सकाळी साडेसातच्या सुमाराला सुटते आणि तिचे धक्के, ई-6 आणि ई-7, त्याच बाजूला आहेत. मोठी बोट साडेपाच तास घेते. वेगवान कॅटामरान तास-दोन तास वाचवते, पण वाऱ्यात जास्त हलते आणि आधी रद्द होते. आईला बोट लागते, तेव्हा मोठीच. नॅक्सोसला बोट काही मिनिटंच थांबते. पुकारा झाला की खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन बॅग हातात धरून उभं राहायचं. बॅगा तिथेच मांडणीत ठेवलेल्या असतात, तेव्हा गोळ्या आणि पासपोर्ट वर जवळ ठेवा. नॅक्सोसहून सँटोरिनी दीड-दोन तास. उतरायचं ते आथिनिओस बंदरात, तिथे एकच गोंधळ असतो आणि टॅक्सी सहज मिळत नाही, म्हणून गाडी आधी ठरवते. परत अथेन्सला विमानाने, आणि मुंबईच्या विमानाआधी एक रात्र अथेन्सला राखून. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

पैशांचं थोडं. खोलीच्या भाड्याखेरीज दर रात्रीचा एक सरकारी आकार जागेवर द्यावा लागतो, माणशी नाही, खोलीमागे. 2025पासून एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलला 5 युरो, चार तारांकितला 10, पाच तारांकितला 15. साध्या एक-दोन तारांकितला 2. पाच रात्रींना तीन तारांकितचे 25 युरो होतात, ते फसवणूक समजून भांडू नका. कार्डयंत्राने ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ विचारलं तर युरो, नाही तर दर वाईट लागतो.

व्हिसासाठी राहण्याची सगळी बुकिंग दाखवावी लागतात, दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे, एकही रात्र मधे मोकळी नाही. म्हणून फुकट रद्द होणारीच घेते. रद्द करायची शेवटची वेळ ग्रीसच्या घड्याळाप्रमाणे धरतात, ती मी लिहून ठेवीन. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. बाबांची रक्तदाबाची गोष्ट त्यात लपवू नका, नेमका दावा तिथेच अडतो.

खाण्याची काळजी नको. सँटोरिनीची फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. आई त्यावर फोडणी मागेल, ती मिळणार नाही.

आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे की सासरचं, तेवढं बघून स्पेलिंगसकट उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. आयिओस येओर्यिओसच्या दोन मालकांची उत्तरं आली आहेत. एकाने ‘चार पायऱ्या, डाव्या हाताला कठडा’ असं लिहिलंय, त्याचीच खोली धरून ठेवते.

तुमची,
धाकटी