विषय: मुंबई-टोकियो फ्लाइटचा चुकीचा वेळ दाखवून विकलेली सीट, पैसे परत मिळणेबाबत

कस्टमर केअर टीम,

तुमच्या ॲपवरून मी आई-बाबांचं मुंबई ते टोकियो, म्हणजे नारिताचं, डायरेक्ट फ्लाइटचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं, बहीण तिकडे निशि-कासाईला राहते म्हणून. जाताना रात्री ८ ला निघून सकाळी साडेसातला पोचायचं, तर ॲपने ड्युरेशन दाखवलं ११ तास ३० मिनिटं. येताना संध्याकाळी ५ ला निघून रात्री सव्वाअकराला मुंबई, ते म्हणे ६ तास १५ मिनिटं. अहो, जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं, तुम्ही सरळ दोन घड्याळांची वजाबाकी करून मोकळे झालात. खरे होतात जाताना ८ तास आणि येताना पावणेदहा.

नुसतं दाखवण्यापुरतं असतं तर मी बोललोही नसतो, पण यावर तुम्ही पैसे कमावलेत. जाताना "लांबचा प्रवास आहे" असा पॉपअप टाकून दोघांना एक्स्ट्रा लेगरूमच्या सीट विकल्यात, आणि येताना फ्लाइट तुमच्या हिशोबाने छोटी, म्हणून तो ऑप्शनच दाखवला नाही. आईचे गुडघे दुखतात. म्हणजे ८ तासांना पाय पसरायला जागा आणि जवळजवळ १० तास मधल्या सीटवर अवघडून, वर मीच तिला सांगून ठेवलेलं की सहा तासांत घरी, तर ती बिचारी निम्म्या वाटेपासून बाबांना विचारत होती आलं का मुंबई.

यावर तुमचं उत्तर काय, तर "वाऱ्यामुळे वेळेत फरक पडतो". पडतो ना! पण उलटा पडतो. जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर फारच जोरात, १९२० च्या दशकात तिथल्याच ओइशी नावाच्या हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून तो मोजला होता. त्यामुळे टोकियोला जाताना विमानाला मागून रेटा मिळतो आणि मुंबईला येताना समोरून वारा, म्हणून येताना जास्त वेळ लागतो, तुमच्या ॲपवर मात्र येतानाच कमी! आणि फरक पडून पडून दीड-दोन तासांचा पडतो, सव्वापाच तासांचा नाही.

साधा भागाकार करा. सरळ हवाई अंतर साधारण ६,८०० किलोमीटर. सव्वासहा तासांत यायचं तर ताशी १,०८० च्या पुढे स्पीड लागेल, तेही रनवेपर्यंत रांगत जाण्याचा वेळ धरून आणि समोरून वारा असताना. प्रवासी विमानं ९०० च्या आसपास उडतात. हे तुमच्याकडे एकालाही खटकलं नाही?

(ॲपवर "टोकियो सिटी एअरपोर्ट" लिहिलंय तेही बदला. नारिता शहरापासून ६० किलोमीटर लांब आहे, शहराजवळचं ते हानेदा.)

मला दोन्ही लेगरूम सीटचे पूर्ण पैसे परत हवेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, कूपन किंवा वॉलेट पॉइंट नकोत. ॲपमधला हिशोब कधी दुरुस्त करताय ते लेखी कळवा. दोन्ही तिकिटांचे आणि त्या पॉपअपचे स्क्रीनशॉट जोडलेत. परत वाऱ्याचंच उत्तर आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकतोय. बुकिंग आईच्या नावावर आहे पण फोन मला करा, तिला नको.