दीर्घिका नुसत्या नोट्समध्ये नकोत

संपादक महोदय,
मी मुंबईत बीएस्सीला आहे, अ‍ॅस्ट्रॉनॉमीच्या पेपरात दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी आहेत पण सगळं नोट्सवरच, सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित असे प्रकार पाठ करा आणि पेपरात उतरवा. अहो, १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानी दीर्घिकेच्या फोटोत एक सेफिड तारा (ठराविक काळाने तेज कमी-जास्त होणारा, त्यावरून अंतर काढता येतं) ओळखला आणि त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे कळलं, ते गणित मुलांना स्वतः करू द्या ना! स्लोन या आकाशाच्या सर्व्हेचा डेटा नेटवर फुकट आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी त्यातूनच सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह शोधला, २०१७ ला जाहीर झालं. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळच आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, तिथे कॉलेजांनी एक ट्रिप तरी न्यावी. मुंबईच्या दिव्यांमुळे आम्हाला देवयानी दिसतच नाही हो.

— एक विद्यार्थिनी, दादर