अर्ज कुणाच्या नावे लिहायचा?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीसाठी लिहिलेला अर्ज काल रात्री पाठवलास, तो सकाळी नीट वाचला. मजकूर छान उतरलाय. माझं म्हणणं फक्त पहिल्या ओळीबद्दल आहे. 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' तिथून काढून टाक.

ती ओळ दाखल्यावर शोभते. बोनाफाईड, अनुभवाचा दाखला हे कागद आज तू बँकेत दाखवशील, उद्या आणखी कुठे. कोण वाचणार हे देणाऱ्यालाच ठाऊक नसतं, म्हणून तसं लिहितात. तुझा अर्ज एकाच कंपनीत, एकाच जागेसाठी चाललाय.

त्याजागी 'रिस्पेक्टेड सर'ही घालू नकोस. आपल्याकडे सवयीने सगळे लिहितात, पण अर्ज बघणाऱ्या बाई असल्या तर? एचआरमध्ये बायका भरपूर असतात. त्यांना पहिल्याच ओळीत 'सर' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

माझी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली, म्हणून हे इतकं लावून धरते आहे. टपाल फोडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करून कागदाच्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकायचा आणि ज्या-त्या शाखेकडे पाठवायचं. वर 'प्रति, मा. कार्यकारी अभियंता' असं असलं की कागद सरळ जायचा. साहेबांची बदली झाली तरी खुर्ची तिथेच असते ना! नुसत्या नावाने आलेलं पाकीट मात्र आम्ही फोडत नसू. ते साहेब बदलून गेलेले असले, तर पाकीट त्यांच्या मागे नव्या गावी जायचं. आणि ज्यावर ना पद ना विषय, तो कागद कुणीतरी सवडीने पूर्ण वाचेपर्यंत ट्रेमध्ये पडून राहायचा. तुझा अर्ज ईमेलने जाणार हे खरं, पण तिथेही कुणीतरी तो बघून पुढे ढकलणारच. म्हणून नाव मिळालं तरी त्याखाली पद आणि विभाग लिहायचाच.

नाव आधी शोध. जाहिरातीच्या तळाशी बघ, कंपनीच्या वेबसाइटवर, लिंक्डइनवर बघ. नाहीच सापडलं तर सरळ फोन कर, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. "नमस्कार, क्वालिटी विभागातल्या ट्रेनी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करतेय. तो कुणाच्या नावे पाठवू?" एवढंच विचार. यात संकोच करण्यासारखं काही नाही. फार तर नाव सांगत नाही म्हणतील. सांगितलं तर स्पेलिंगही विचारून घे. दीक्षित आडनावात कुणी एक्स लावतं, कुणी के-एस-एच. स्वतःचं नाव चुकीचं लिहिलेलं कुणालाच आवडत नाही.

नाव किरण किंवा शीतल निघालं, तर बाई की पुरुष हे कळणार नाही. तिथे अंदाज बांधू नकोस. मिस्टर वगैरे काही न लावता 'डिअर'पुढे पूर्ण नाव लिही. बाई आहेत हे नक्की कळलं तर 'मिझ' लाव. त्यांचं लग्न झालंय की नाही, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

एवढं करूनही नाव कळलं नाही, तर 'डिअर हायरिंग मॅनेजर' लिही. वर विभाग आणि कंपनीचं नाव, विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक. 'डिअर सर ऑर मॅडम' चूक नाही, जरा जुन्या वळणाचं आहे इतकंच. ते वापरलंस तर शेवटी 'युअर्स फेथफुली' येतं. नावाने लिहिलंस तर 'युअर्स सिन्सिअरली'. हल्ली हे फारसं कुणी बघत नाही, तरी जमवून घे.

तुझी मैत्रीण शाळेसाठी अर्ज करतेय ना, तिलाही सांग. खासगी शाळेत नेमणूक संस्थेचं व्यवस्थापन करतं. जाहिरातीत वेगळं काही दिलं नसेल, तर अर्ज 'प्रति, मा. सचिव' आणि खाली संस्थेचं नाव असा करावा. मग विषय, मग 'महोदय/महोदया', आणि सहीच्या वर 'आपली विश्वासू'.

मुदत शुक्रवारपर्यंत आहे म्हणालीस, तर फोन उद्याच कर. फाइलच्या नावातलं 'फायनल टू' काढून तुझं नाव आणि पदाचं नाव टाक. पाठवण्याआधी पहिलं पान मला दाखव.

तुझी,
आई